जुना बेस घेताय? आधी नेक बघा

गेल्या जुलैत लालबागच्या आमच्या चाळीतला एक मुलगा मोबाइल हातात घेऊनच माझ्याकडे आला. गणपतीच्या आधी त्याला एका ऑर्केस्ट्रात वाजवायची संधी मिळत होती आणि स्वतःचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची चार तारांची गिटार, नव्हता. भांडुपच्या एका माणसाने विकायला काढलेल्या बेसचा व्हिडिओ त्याला पाठवला होता.

"दादा, आवाज एकदम कडक आहे. अठरा हजार म्हणतोय, सतरापर्यंत येईल. टोकन पाठवू का?"

"आवाज कशावर ऐकलास?"

"ह्याच्यावरच."

मी त्याला टोकन पाठवू दिलं नाही. रविवारी सोबत येतो म्हटलं. तोपर्यंतच्या तीन-चार संध्याकाळी त्याला जे समजावलं, तेच इथे लिहितोय. मुंबईत जुने बेस भरपूर फिरतात. बरीच मुलं पहिल्या पगारातून किंवा आईकडून मागून आणलेल्या पैशांतून ते घेतात, आणि चुकीची वस्तू गळ्यात पडली की वाजवणंच सोडून देतात. हे मी खूपदा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

आधी मोबाइलचं सांगतो. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लागतात. साध्या गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच हे सूर, फक्त एक सप्तक खाली. सगळ्यात जाड ई ची तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. इतका खालचा सूर हवेत ढकलायला स्पीकरचा मोठा कागदी कोन लागतो. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो, तो ४१ च्या जवळपासही जात नाही. त्यातून येतात ते त्या सुराचे वरचे उपस्वर. खालचा मूळ सूर आपला मेंदू अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे मोबाइलवर चांगला बेस आणि मोडका बेस जवळजवळ सारखेच ऐकू येतात. व्हिडिओतून रंग कळतो, ओरखडे कळतात. आवाज मात्र प्रत्यक्ष जाऊनच ऐकावा लागतो.

आता बेस म्हणजे नेमकं काय, तेवढं थोडक्यात. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी हे काम उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसकडे होतं, आणि त्यावर सूर कानाने शोधावा लागायचा. फेंडरने गिटारसारखे फ्रेट, म्हणजे बोटं फिरतात त्या पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांड्या, लावले; त्यामुळे बोट ठेवलं की सूर अचूक लागू लागला. नावातलं प्रिसिजन म्हणजे हीच अचूकता. त्या बेसवर तारेची वाजणारी लांबी ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बेसची तीच असते. १९६० साली जॅझ बेस आला. जुन्या बाजारात जे काही दिसेल, ते बहुतांशी या दोनपैकी एका साच्यातलं असतं. मधोमध दोन तुकड्यांत मागेपुढे बसवलेला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) दिसला तर प्रिसिजनचा घाट, आणि दोन सरळ पट्ट्या दिसल्या तर जॅझचा. कुठला चांगला यावर लोक रात्र रात्र बोलतात. पहिला बेस घेणाऱ्याने त्यात पडू नये, दोन्हीवर सगळं वाजतं.

खरी गोष्ट आहे नेकची. गिटारची मान म्हणजे ती लांब लाकडी पट्टी, जिच्यावर बोटं फिरतात. बेसच्या चार तारा सुरात लावल्या की त्या मिळून साधारण सत्तर किलोच्या आसपास जोर लावतात. एक चांगला भरलेला माणूस त्या पट्टीला दिवसरात्र लोंबकळतोय असं समजा. धनुष्याची दोरी ओढली की धनुष्य वाकतं, तशी नेक तारांच्या बाजूला वाकू पाहते. ती वाकू नये म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. सळईच्या टोकाला नट असतो. तो बहुतेक वेळा डोक्याकडे, काही बेसवर अंगाकडच्या टोकाला सापडतो. अॅलन कीने, म्हणजे षटकोनी पान्याने, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सळई घट्ट होते आणि नेक सरळ होते. उलट फिरवला की सैल पडते आणि तारांना नेक ओढता येते.

आणि यात मुंबईची हवा भर घालते. लाकूड ओलावा पितं आणि सोडतं. मे महिन्यात नीट लावलेला बेस जुलैत तसाच राहील याची खात्री नाही. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीला ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते, मग नेकच्या त्या मेपल लाकडाच्या पट्टीने का हलू नये? नेक हलणं हा दोष नाही, ती परत जागेवर आणता आली पाहिजे. म्हणून जुना बेस बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: ट्रस रॉड फिरतो का?

हा प्रश्न मी पैसे घालवून शिकलो. माझा पहिला बेस मी एका वाजवणाऱ्याकडून घेतला. चकचकीत काळा रंग होता, वर मोठ्या कंपनीचं नाव होतं. ऐन उन्हाळ्यात घेतला तेव्हा छान वाजत होता. पाऊस लागला आणि महिन्याभरात तारा बोटाच्या जाडीइतक्या वर आल्या. दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने डोक्यावरचं छोटं झाकण काढलं आणि बॅटरी मारून मला आत बघायला सांगितलं. नटचं षटकोनी भोक घासून घासून गोल झालं होतं. आधीच्या मालकाने चुकीच्या मापाचा पाना घालून जोर लावला असणार. अॅलन की आत जायची आणि नुसती गरगर फिरायची. ते दुरुस्त करायला जेवढा खर्च सांगितला, तेवढ्यात दुसरा जुना बेस आला असता. विकणाऱ्याला फोन केला तर त्याने उचलणंच बंद केलं. पुढे तो बेस मी उंच तारांनिशीच दोन वर्षं वाजवला. डाव्या हाताचा अंगठा अजून थंडीत दुखतो.

तर नेक कशी बघायची ते नीट सांगतो. याला वीज लागत नाही, अॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) लागत नाही, दादर स्टेशनच्या बाकावर बसूनही जमतं. बेस सुरात लावून मांडीवर घ्या. डाव्या हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि उजव्या हाताने तीच तार शेवटच्या फ्रेटवर. तार आता ताणलेली सरळ रेषा झाली, म्हणजे तुमच्याकडे फूटपट्टी आली. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे ते बघा. थोडी फट हवीच, कारण तार मधे सगळ्यात जास्त हलते आणि तिला जागा लागते. मिलिमीटरचा तिसरा हिस्सा म्हणजे उत्तम. साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढंच जाड असतं. कार्ड अलगद सरकलं आणि तार हलली नाही, तर नेक ठीक आहे. दोन-तीन कार्डं एकावर एक जात असतील तर नेक पुढे वाकलीय. फटच नसेल आणि तार मधल्या फ्रेटांना टेकली असेल तर ती मागे वाकलीय. दोन्ही अवस्था ट्रस रॉडने सुधारतात, पण रॉड चालू असेल तरच. मालकाची परवानगी घ्या, बरोबर मापाची अॅलन की आत नीट बसतेय ना ते बघा, आणि पाव फेरा, फक्त पाव फेरा, फिरवून बघा. रॉड आधीच करकचून आवळलेला असेल आणि तरीही नेक वाकलेली असेल, तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून निघा.

त्यानंतर सुतार फळी डोळ्याला लावून बघतो तसा बेस अंगाच्या बाजूने डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि एक खाली गेली असेल, म्हणजे नेकला पीळ पडला असेल, तर तो सळईने जात नाही.

तारांची उंची, म्हणजे अॅक्शन, छोट्या स्टीलच्या फूटपट्टीने सतराव्या फ्रेटवर मोजा. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन, हे सोयीचं माप. चार-पाच असेल तरी घाबरू नका. ती ब्रिजवरच्या, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागावरच्या, छोट्या स्क्रूंनी कमी होते. मात्र ते स्क्रू फिरतात का ते बघा. वरळी, दादर, वर्सोवा असं समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या बेसवर हे स्क्रू खाऱ्या हवेने गंजून जाम झालेले असतात.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. हे कंटाळवाणं आहे पण दहा मिनिटांचंच काम आहे. सगळीकडे थोडी थोडी झणझण येत असेल तर ते नुसत्या सेटअपचं, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट लावण्याचं, काम आहे. एखाद्याच जागी तार मरते आणि पुढच्या फ्रेटवर ठीक असते, तर तिथला पुढचा फ्रेट उचलला गेलाय किंवा हा फ्रेट झिजलाय. पहिल्या पाच फ्रेटांवर तारेखाली खाचा पडल्यात का ते नखाने चाचपा. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यावरून उगाच वाद होतात. जी च्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विरतो. तिथे नेकचं लाकूड स्वतःच त्या सुरात थरथरतं आणि तारेची ताकद पिऊन टाकतं. अगदी महागड्या बेसवरही असं होतं. त्यावरून भाव पाडायला जाऊ नका.

नेकच्या तोंडावरची काळसर तपकिरी पट्टी बऱ्याच बेसवर शिसवीची असते. आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसव जगभरच्या गिटारांवर बसते, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. २०१७ पासून शिसवीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला कागदपत्रं लागायची. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

आता वीज. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि तांब्यात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. तोच केबलमधून अॅम्पकडे जातो. बटणं फिरवताना खरखर आली तर आत धूळ आहे. क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते. केबल हलवली की आवाज जातो-येतो, म्हणजे केबल खोचायचा जॅक सैल आहे किंवा टाका सुटलाय, तेही किरकोळ काम. जॅझ घाटाच्या बेसवर एकच पिकअप पूर्ण उघडला की घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण येते आणि दोन्ही सारखे उघडले की जाते. ते तसंच असतं. पाठीमागे ९ व्होल्टच्या सेलचा कप्पा असेल तर तो बेस अॅक्टिव्ह आहे. केबल लावली की त्याचा सेल चालू होतो, म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवायची. आवाज फाटका किंवा अगदी बारीक येत असेल तर आधी नवा सेल घालून बघा, मगच बेसला नावं ठेवा.

अॅम्पबद्दल दोन गोष्टी जपून वाचा. परदेशातून कुणी आणलेला अॅम्प असेल तर पाठीमागचं लेबल बघितल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असतो, जपानमधला १०० चा. आपल्या २३० वर थेट लावला तर एका क्षणात जळू शकतो. लॅमिंग्टन रोडवर व्होल्टेज उतरवणारे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मिळतात, पण त्यांची किंमत आणि वजन दोन्ही हिशोबात धरा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तारांना हात लावला की मुंग्या येत असतील, किंवा एक हात तारेवर असताना माइकला ओठ लागला की झटका बसत असेल, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. अर्थिंग तुटलंय. मंडपात तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात कोंबलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. बेसच्या तारा अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तो अर्थ जमिनीपर्यंत पोचतच नसेल, तर अॅम्पमध्ये बिघाड होताच सगळी वीज तुमच्या हातात येईल. यावर माणसं गेली आहेत.

अॅम्प विकणाऱ्याच्या घरी ऐकताना खोली लक्षात घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत सेकंदाला साधारण ५६ कंपनांचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि ए ची मोकळी तार ५५ ला वाजते. त्यामुळे ए वाजवली की भांडी हलतात आणि शेजारच्या जी सुरावर आवाज एकदम साधा वाटतो. हा दोष अॅम्पचा नाही, खोलीचा. अॅम्प कोपऱ्यातून बाहेर ओढा, स्वतः दोन पावलं सरका, पुन्हा ऐका. वॅटचंही असंच. शंभर वॅटचा अॅम्प पन्नासच्या दुप्पट मोठा वाटत नाही, फरक जेमतेम तीन डेसिबलचा असतो. घरी सरावाला वीस-तीस वॅट भरपूर होतात. ड्रमसोबत वाजवायचं तर दोनशेच्या पुढे बघावं, असं माझं मत.

नावाचं शेवटी सांगतोय, कारण मुलं सगळ्यात आधी तेच बघतात. फेंडर घाटाच्या बेसवर नेक सहसा चार स्क्रूंवर बसवलेली असते. स्क्रू काढले की नेक सुटते आणि दुसरी बसते. डोक्यावरचं नाव तर स्टिकरसारखं चिकटवता येतं. त्यामुळे नावावरून भाव लावू नका. बिल मागा, बिलावरचा नंबर बेसवरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर कुठून घेतला, कधी घेतला, हे सहज विचारा. ज्याने स्वतः वाजवलाय तो दहा गोष्टी आपणहून सांगतो. नेक चांगली असणं म्हणजे काय हे हाताला माहीत नसेल, तर आधी धोबी तलावला जा. १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोस तिथे आहे, आजूबाजूला आणखी वाद्यांची दुकानं आहेत. नवे बेस हातात घेऊन बघा, व्हिजिटिंग कार्ड तिथेच घालून बघा. हाताला एकदा माप कळलं की फसवणं कठीण होतं.

पैशांचं एवढंच: वस्तू न बघता टोकन नाही. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. तुम्ही विकणारे असाल आणि समोरचा 'कोड स्कॅन करा, पैसे येतील' म्हणाला, तर फोन ठेवा. फसलातच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तर रविवारी आम्ही भर पावसात भांडुपला गेलो. विकणारे गृहस्थ चाळिशीतले होते, नोकरी आणि लहान बाळ यांत वाजवणं राहून गेलेलं. त्यांनी बेस पलंगावर ठेवला आणि आधीच म्हणाले, "खरं सांगतो, तारा खूप वर आल्यात. मला वाटतं मान गेली असावी, म्हणून भाव उतरवलाय." मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी कार्ड घातलं. तीन गेली. त्यांना विचारून झाकण काढलं, अॅलन की आत घट्ट बसली. पाव फेरा. तारा पुन्हा सुरात लावल्या, दोन मिनिटं थांबलो, कार्ड घातलं तर दोन गेली. अजून थोडं फिरवलं आणि एक कार्ड अलगद सरकलं.

इथे मुलाला वाटत होतं मी गप्प राहावं. पण समोरच्याला आपल्याच वस्तूबद्दल चुकीचं वाटत असताना स्वस्तात उचलणं मला पटत नाही. मी म्हटलं, "साहेब, मान एकदम चांगली आहे. नुसता पावसाळा लागला होता." ते हसले, स्वतः दोन मिनिटं वाजवून बघितलं. तारा गंजलेल्या होत्या आणि एक बटण खरखरत होतं. त्याचे कापून सोळा हजारांत ठरलं. निघताना त्यांनी स्वतःचा पट्टाही दिला. परतीच्या गाडीत आम्ही लगेजच्या डब्यात चढलो. बेस उभा धरला, डोकं वर, आणि दरवाज्यापासून लांब.

कधीतरी तुम्हालाही बेस विकावा लागेल. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा. ओरखडा असेल तर त्याचा वेगळा जवळून फोटो टाका, मग घरी आलेला माणूस त्यावरून घासाघीस करत नाही. वजन लिहा. चार किलो आणि पाच किलो यांतला फरक तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला कळतो. व्हिडिओ पाठवायचाच तर कार्डाची परीक्षा चित्रित करा, जाणकाराला ती वाजवून दाखवलेल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा जास्त सांगते. गंजलेल्या तारा बदला आणि शक्य असेल तर सेटअप करून घ्या. सेल बाहेर काढून ठेवा, तो गळला तर आतली पट्टी खातो. आणि बॅगच्या पुढच्या कप्प्यात बरोबर मापाची अॅलन की ठेवा. घेणाऱ्याला ती पुढच्या जूनमध्ये लागणार आहे.